एक्सफ्री८६ मध्ये पडदा आणि माउस जुळवताना : माझा अनुभव

माझ्या मोठ्या भावाचा पेंटियम १३३ संगणक बरीच वर्षे माळ्यावर पडून होता. त्यावर स्लॅकवेअर लिनक्स होते आणि दादाने महाविद्यालयात असताना एक्स विंडो या चित्रमय खिडक्यांच्या प्रणालीसाठी लिहिलेले आलेख काढण्याचे काही प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर शाबूत होते. ते आजच्या संगणकावर उतरवून चालवण्यापेक्षा ज्या यंत्रावर ते लिहिले गेले त्याच यंत्रावर चालताना पाहावेत, अशी त्याची इच्छा होती आणि ते काम मी अंगावर घेतले. यंत्र चालू झाले, काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळही आली. परंतु मूळ मॉनिटर आणि माउस केव्हाच निकामी होऊन भंगारात गेले होते. त्यामुळे चित्रमय डेस्कटॉप सुरू करायचा, तर ओळखीच्यांकडून मिळालेला १४ इंची मॉनिटर आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातील जुन्या मालात सापडलेला सीरियल माउस या दोघांची नव्याने जुळणी करणे भाग होते.

हा डेस्कटॉप एक्सफ्री८६ च्या ३.३ मालिकेतील होता. एक्स विंडोची सुरुवात १९८४ मध्ये एमआयटीतील अथेना प्रकल्पात झाली, १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि घरगुती संगणकांवर ती आणणारा एक्सफ्री८६ प्रकल्प १९९२ मध्ये उभा राहिला. आज मॉनिटर स्वतःच आपली माहिती संगणकाला कळवतो, पण ३.३ मालिकेत मॉनिटरला किती वारंवारिता झेपते, ग्राफिक्स कार्डावर किती मेमरी आहे, माउस कोणत्या पोर्टवर आहे आणि कोणत्या पद्धतीने बोलतो, हे सारे आपणच एक्सएफ८६कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये लिहून द्यावे लागते. ही फाइल तयार करण्यासाठी त्याच नावाचा एक साधा प्रश्नोत्तरी प्रोग्रॅम सोबत येतो. तो एकामागून एक प्रश्न विचारतो आणि आपण पर्यायाचा आकडा टाइप करायचा असतो. पुष्कळ जण या टप्प्यावर अंदाजाने आकडे देत पुढे जातात. माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. या प्रश्नांपैकी जवळपास प्रत्येकाचे उत्तर यंत्राच्या पाठीवर, सोबतच्या पुस्तिकेत किंवा साध्या भागाकारात सापडते, आणि ते शोधून मगच आकडा लिहिला तर एकही गोष्ट नशिबावर सोडावी लागत नाही.

प्रोग्रॅमचा पहिला प्रश्न माउसचा असतो आणि तो आधी सोडवणे सोयीचेच आहे, कारण माउसची तपासणी चित्रमय पडद्याशिवायही करता येते. माझा माउस तीन बटणांचा होता आणि त्याच्या पोटाशी एक बारीक सरकते बटण होते. एका बाजूला एम एस, दुसऱ्या बाजूला पी सी अशी अक्षरे कोरलेली. हे बटण म्हणजे माउसने कोणती भाषा बोलायची याची निवड. एम एस या बाजूला माउस मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने बोलतो, म्हणजे प्रत्येक हालचालीची खबर तीन बाइटांत पाठवतो आणि त्यात दोनच बटणांची नोंद असते. पी सी या बाजूला तो माउस सिस्टिम्सच्या पद्धतीने पाच बाइटांची खबर पाठवतो आणि तिच्यात तिसऱ्या बटणालाही जागा असते. वेग दोन्हीकडे १२०० बॉडच, म्हणजे सेकंदाला १२०० बिट. एक्समध्ये डाव्या बटणाने मजकूर निवडायचा आणि मधल्या बटणाने चिकटवायचा असा रिवाज असल्यामुळे मधले बटण मिळणे ही चैन नव्हती, गरज होती. म्हणून मी सरकते बटण पी सी कडे नेले आणि प्रश्नाच्या उत्तरात माउस सिस्टिम्स हा पर्याय दिला.

त्याआधी पोर्टची खात्री करून घेतली होती. या यंत्रावर दोन सीरियल पोर्ट आहेत. डॉसमधला कॉम १ म्हणजे लिनक्समधला टीटीवाय-एस-शून्य आणि कॉम २ म्हणजे टीटीवाय-एस-एक. माउस नऊ टाचण्यांच्या जोडणीत लावून कॅट या आज्ञेने पहिल्या पोर्टवरून काय येते ते पाहिले. माउस हलवताच पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटली, हलवणे थांबताच तीही थांबली. ती चिन्हे वाचण्याजोगी नसली तरी पोर्ट हाच आहे, तार शाबूत आहे आणि माउस जिवंत आहे, या तिन्ही गोष्टी तेवढ्याने सिद्ध होतात.

तरीही पुढचे सगळे प्रश्न संपवून पहिल्यांदा एक्स सुरू केल्यावर कर्सर मध्येच कोपऱ्यात उडी मारत होता, अडकत होता आणि बटण न दाबताही मेनू उघडत होते. ही लक्षणे ओळखून ठेवण्यासारखी आहेत, कारण ती दोन वेगवेगळ्या कारणांनी दिसतात. एक कारण म्हणजे पद्धतीची विसंगती : तीन बाइटांची खबर पाच बाइटांची समजून वाचली की हालचालीचा आकडा बटणांच्या जागी जातो आणि बटणाचा हालचालीच्या. दुसरे कारण जीपीएम. जीपीएम हा साध्या अक्षरी पडद्यावर माउस चालवणारा प्रोग्रॅम आहे आणि स्लॅकवेअर सुरू होतानाच तोही सुरू होत होता. एकाच पोर्टवरचे बाइट दोन प्रोग्रॅम वाचू लागले की काही बाइट याच्या वाट्याला जातात, काही त्याच्या, आणि पूर्ण खबर कोणालाच मिळत नाही. जीपीएम बंद केल्यावर उड्या बऱ्याच कमी झाल्या, पण कर्सर सुरळीत चालेना. दोन्ही भाषा जाणणाऱ्या काही माउसांच्या बाबतीत पोर्टवरील डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषा खाली ओढल्याशिवाय ते माउस सिस्टिम्सच्या पद्धतीत येतच नाहीत, आणि त्यासाठी फाइलच्या पॉइंटर विभागात क्लिअरडीटीआर व क्लिअरआरटीएस असे दोन शब्द लिहिण्याची सोय आहे. ते लिहून पुन्हा सुरू केल्यावर कर्सर हाताबरोबर चालू लागला आणि मधल्या बटणाने मजकूरही चिकटला.

ज्यांच्याकडे दोनच बटणांचा माउस आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. इम्युलेट३बटन्स हा पर्याय दिला की दोन्ही बटणे एकदम दाबणे म्हणजे मधले बटण असे धरले जाते. मात्र ‘एकदम’ म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या आत, ही मूळ मर्यादा असते आणि ती पुष्कळ हातांना अपुरी पडते. त्याच विभागात इम्युलेट३टाइमआउट लिहून ती १०० पर्यंत वाढवली तर फारच सुसह्य होते.

माउसनंतर कीबोर्डचे किरकोळ प्रश्न झाले आणि मग मॉनिटर आला. या टप्प्यावर प्रोग्रॅम गंभीर शब्दांत बजावतो की, मॉनिटरच्या क्षमतेबाहेरची आडवी वारंवारिता मुळीच देऊ नका. हा इशारा शब्दशः घ्यावा. नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत दर सेकंदाला हजारो आडव्या रेषा ओढत असतो आणि नळीला लागणारा उच्च दाबही बहुधा त्याच आडव्या परिपथातून तयार होतो. जुन्या मॉनिटरांत संरक्षणाची सोय नसेल तर न झेपणारी वारंवारिता दिल्यावर हा परिपथ तापून जळू शकतो. सुदैवाने मॉनिटरबरोबर त्याची पुस्तिकाही मिळाली होती आणि तिच्या शेवटच्या पानावर आडवी वारंवारिता ३० ते ५० किलोहर्ट्‌झ, उभी ५० ते १०० हर्ट्‌झ असे स्पष्ट छापलेले होते. प्रोग्रॅमच्या तयार यादीत याच्या जवळचा पर्याय ३१.५ ते ४८.५ चा आहे. यादीतला पर्याय थोडा आतल्या बाजूचा आणि म्हणून सुरक्षित असल्याने मी तोच स्वीकारला.

आता प्रश्न होता, या मर्यादेत कोणते चित्रमान, म्हणजे आडवे आणि उभे किती पिक्सेल, बसते. त्याचे उत्तर मोडलाइन नावाच्या ओळीत असते. या ओळीत आधी पिक्सेलचे घड्याळ मेगाहर्ट्‌झमध्ये, मग आडव्या दिशेचे चार आकडे आणि शेवटी उभ्या दिशेचे चार आकडे येतात. चारांपैकी पहिला दिसणाऱ्या पिक्सेलांचा, दुसरा आणि तिसरा, नवी रेषा किंवा नवे चित्र सुरू करण्याची खूण मॉनिटरला देणारा सिंक स्पंद कोठे सुरू होतो व कोठे संपतो याचा, आणि चौथा न दिसणाऱ्या भागासह संपूर्ण लांबीचा. घड्याळाला आडव्या एकूण लांबीने भागले की आडवी वारंवारिता मिळते, आणि तिला उभ्या एकूण लांबीने भागले की सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने रंगते ते, म्हणजेच उभी वारंवारिता, कळते. साध्या व्हीजीएचे, म्हणजे ६४० बाय ४८० च्या चित्राचे, उदाहरण घेतले तर २५.१७५ मेगाहर्ट्‌झला ८०० ने भागून ३१.४७ किलोहर्ट्‌झ येतात आणि त्यांना ५२५ ने भागून साधारण ६० हर्ट्‌झ.

मी कागद घेऊन प्रत्येक ओळीचा असा हिशेब मांडला. १०२४ बाय ७६८ चे चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवायचे तर ६५ भागिले १३४४ म्हणजे ४८.३६ किलोहर्ट्‌झ लागतात; मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत. तेच चित्र ७० वेळा रंगवायचे तर ७५ भागिले १३२८ म्हणजे ५६.४८ किलोहर्ट्‌झ, जे या मॉनिटरच्या आवाक्याबाहेर आहेत. ८०० बाय ६०० चे चित्र मात्र ७२ वेळा रंगवता येते, कारण ५० भागिले १०४० म्हणजे ४८.०८ किलोहर्ट्‌झ. मर्यादा फाइलमध्ये बरोबर लिहिलेली असली की सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा एक्सचा मुख्य प्रोग्रॅम, स्वतःही हा भागाकार करतो आणि न बसणारी ओळ वगळल्याचे सुरू होतानाच्या संदेशांत सांगतो. ते संदेश पडद्यावरून सर्रकन निघून जातात, म्हणून ते एका फाइलमध्ये वळवून नंतर सावकाश वाचावेत. माझ्या हिशेबातला ५६.४८ हाच आकडा तिथे छापलेला पाहून मला मनापासून समाधान वाटले.

यापुढचा निर्णय मेमरीचा. कार्ड एस३ ट्रायो६४ होते आणि त्यावर १ मेगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइट मेमरी होती. १०२४ बाय ७६८ चे चित्र २५६ रंगांत ७,८६,४३२ बाइट घेते आणि बसते. १६ बिट रंगांत त्याला दुप्पट जागा लागते आणि ते बसत नाही. ८०० बाय ६०० चे चित्र १६ बिट रंगांत ९,६०,००० बाइट घेते आणि बसते. २५६ रंगांत एखादा प्रोग्रॅम आपला वेगळा रंगपट, म्हणजे २५६ रंगांची स्वतःची यादी, घेऊन आला की बाकीच्या खिडक्यांचे रंग विचित्र होतात, आणि दादाचे आलेख तर रंगांवरच अवलंबून होते. शिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीवर ६० हर्ट्‌झची लुकलुक डोळ्यांना त्रास देते. म्हणून मोठा पडदा सोडून मी ८०० बाय ६००, १६ बिट आणि ७२ हर्ट्‌झ हे ठरवले व स्क्रीन विभागात डिफॉल्टकलरडेप्थ १६ अशी ओळ घातली.

चित्र आले, स्थिर आले, फक्त उजवीकडे सरकलेले होते. उजवी कड चौकटीआड जात होती आणि मॉनिटरवरची आडवी कळ शेवटपर्यंत फिरवूनही ती पूर्ण बाहेर येत नव्हती. यासाठी एक्सव्हिडट्यून हा प्रोग्रॅम आहे. त्यात डावे, उजवे, वर, खाली अशी बटणे असतात आणि नवे आकडे काही क्षण पडताळून पाहता येतात. डावीकडे सरकवताना तो प्रत्यक्षात काय करतो ते पाहण्यासारखे आहे : सिंक स्पंदाची सुरुवात आणि शेवट दोन्ही पुढे ढकलले जातात, त्यामुळे स्पंद आणि पुढच्या रेषेची सुरुवात यांमधला अवकाश कमी होतो आणि चित्र डावीकडे येते. माझ्या ओळीतील ८५६ आणि ९७६ हे आकडे ८७२ आणि ९९२ झाले. १०४० ही एकूण लांबी बदलली नाही, त्यामुळे दोन्ही वारंवारिता होत्या तशाच राहिल्या आणि मॉनिटरवर कोणताही नवा भार आला नाही. शो हे बटण दाबल्यावर प्रोग्रॅम ती सुधारलेली ओळ टर्मिनलवर छापतो. ती मी फाइलमध्ये उतरवून घेतली, कारण तसे केले नाही तर पुढच्या वेळी जुनेच आकडे लागू होतात.

दादाने येऊन माउस हातात घेतला आणि लगेच म्हणाला, “अगं, हा फार हळू चालतोय, आणि बटणं उलटी कर.” तो डावखुरा आहे. बटणांचा क्रम एक्समॉडमॅप या आज्ञेने तीन, दोन, एक असा उलटा केला. वेगासाठी एक्ससेट ही आज्ञा आहे आणि ती दोन आकडे मागते. पहिला वेग किती पटीने वाढवायचा तो, दुसरा किती पिक्सेलांपेक्षा जास्त हालचाल झाल्यावर ही वाढ लागू करायची तो. दोन आणि चार असे आकडे दिल्यावर सावकाश हलवताना कर्सर नेमका बिंदूवर राहतो आणि झटक्याने हलवताना पडदाभर धावतो. आलेखावरचा एकेक बिंदू टिपण्यासाठी हा दुसरा आकडाच अधिक महत्त्वाचा ठरला. तो एक ठेवला असता तर बारीक हालचालीतही कर्सर पुढे निसटला असता. या दोन्ही आज्ञा दादाच्या घरफोल्डरातील एक्सइनिटआरसी या फाइलमध्ये, खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर सुरू होण्याच्या आधी लिहिल्या आहेत, म्हणजे दुसऱ्या कोणी लॉगिन केले तर त्याला नेहमीचाच माउस मिळतो.

संगणक सुरू होताच डेस्कटॉप आपोआप उघडावा अशी सोय करता येते, पण ती मी मुद्दाम केलेली नाही. मॉनिटर पुन्हा बदलावा लागला तर अक्षरी पडद्यावर लॉगिन करून, नव्या मॉनिटरच्या मर्यादा फाइलमध्ये आधी लिहून, मगच डेस्कटॉप सुरू करणारी स्टार्टएक्स ही आज्ञा देता आली पाहिजे. चित्र बिघडलेच तर कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस एकत्र दाबून एक्स तत्काळ बंद करता येते, हे दादालाही दाखवून ठेवले. चालू फाइलची एक प्रत फ्लॉपीवर घेतली आहे आणि मॉनिटर विभागात सुरुवातीलाच त्या पुस्तिकेतले ३० ते ५० आणि ५० ते १०० हे मूळ आकडे टिपणीच्या ओळीत लिहून ठेवले आहेत.