टँकर पेटलाच नव्हता

"विल्होळीजवळ टँकर पेटलाय, पांढरा धूर निघतोय," एवढाच निरोप होता. पावसाळ्याचे दिवस, सकाळपासून भुरभुर चालू. नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या पुढे गेलो तर वाहनांची ही रांग. लांबूनच खटकलं: कुठे ज्वाळा नाही, आणि धूर वर न चढता उताराने ढाब्याकडे सरपटतोय. बंब वारा येतो त्या अंगाला, लांबच उभा करायला लावला.

अशा वेळी आधी टँकरवरची, आत कोणतं रसायन आहे ते सांगणारी पाटी वाचायची. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे ती दोन्ही बाजूंना आणि मागे असावी लागते. दुर्बिणीतून पाहिलं, तर तिच्यावर चिखलाचा थर. रसायनाच्या चार आकडी क्रमांकातला पहिला 1 आणि शेवटचा 9, एवढंच दिसत होतं. 1789 म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याच्या वाफेवर पाण्याचा बारीक फवारा चालतो. पण 1809 म्हणजे फॉस्फरस ट्रायक्लोराइड. दमट हवेत तेही असंच पांढरं धुमसतं, आणि पाणी लागलं की जोरात उसळतं. मागून लोक ओरडत होते, "अहो, पाणी मारा ना!" माझी माणसं पाइप धरून माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात दुभाजकाकडून टँकरचा ड्रायव्हर हात हलवत आला. डोळे लाल, नाकावर ओला गमछा. "साहेब, एचसीएल हाय. मागच्या व्हॉल्व्हचं गॅस्केट गेलं." ट्रेम कार्ड, म्हणजे टँकरमधला माल कोणता आणि अपघातात काय करायचं हे सांगणारं कार्ड, त्याने शर्टाच्या आत, कोरडं ठेवलं होतं. त्यावर 1789, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडच.

मग हात चालले. पोलिसांनी ढाबा रिकामा केला. श्वसनयंत्र आणि केमिकल सूट घालून दोघे आत गेले, फवाऱ्याने वाफ खाली बसवली. पण ते पाणीही ॲसिडच, म्हणून ओढ्याच्या तोंडाशी मातीचा बांध घातला आणि चुना ओतला. तोवर सिमेंटच्या गटारात काठ खात फेस उसळत होता. व्हॉल्व्हचे बोल्ट गंजलेले, आवळायलाच फार वेळ गेला. संध्याकाळी दुसऱ्या टँकरमध्ये माल उतरवला.

मार खाण्याच्या भीतीने ड्रायव्हर पळून जातात, आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. यालाही जमावाने कॉलर धरून ढकललं होतं, तरी तो हलला नाही. त्याचे डोळे धुऊन त्याला दवाखान्यात पाठवलं. पाटी झाकलेली होती हे अहवालात लिहिलंच. कार्ड याच माणसाने हातात आणून दिलं, हेही त्याच्या नावासकट लिहिलं.