दादऱ्यातला तिसरा सूर

गाण्याचा ताल दादरा. मुखड्याखाली इलेक्ट्रिक गिटारला सहा सुरांचा अर्पेजिओ दिलेला, म्हणजे सूर एकत्र न वाजवता एकामागून एक छेडायचे, मात्रेला एक सूर. तबला आधीच रेकॉर्ड झालेला होता. पण हेडफोन लावून ऐकलं की गिटारचा तिसरा आणि सहावा सूर गायब. संगीतकार ताई दोनदा म्हणाल्या, "अहो, तो वरचा सूर कुठे जातोय? मला तोच हवाय."

तो जात होता तबल्याच्या 'ना'खाली. धा धिं ना, धा तिं ना. तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेला चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, पडणारा 'ना' टोकदार असतो आणि नेमक्या त्याच क्षणी गिटारच्या पातळ तारा वाजत होत्या. गिटारचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर नेला तर जाड तार अंगावर यायची. माझा पुण्यात लहानसा स्टुडिओ आहे. अशा गोष्टी बरेचदा "मिक्सिंगला बघू" म्हणून पुढे ढकलल्या जातात. त्या दिवशी तसं झालं नाही, कारण वाजवणाऱ्या मुलानं पिशवीतून बॉसचं निळं सीएस-थ्री पेडल काढलं. "सर, हे लावून बघू का? मित्राचं आहे. कॉम्प्रेसर लाव, सगळं सारखं होईल, असं तो म्हणाला."

पेडलवरचे कॉम्प्रेशन पुसून टाकता येत नाही. एकदा रेकॉर्ड झालं की झालं. म्हणून गिटारची वायर आधी डीआय बॉक्समध्ये, म्हणजे गिटारचा सिग्नल थेट कन्सोलला देणाऱ्या डबीत, घातली; तिथून एक सिग्नल कोरा कन्सोलला आणि दुसरा पेडलमधून बूथमधल्या अँपला. मग त्याला म्हटलं, आता बिनधास्त हवं ते कर.

त्यानं सस्टेनचा, म्हणजे दाब वाढवून सूर लांबवणारा, नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवला. पहिल्या क्षणी सगळेच खूश झाले. आवाज भरला, सूर लांबले. हा खूश होण्याचा क्षण फसवा असतो, कारण पेडल चालू केल्यावर आवाज नुसता मोठा झालेला असतो आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. त्याला लेव्हलचा नॉब खाली आणायला लावला, इतका की पेडल चालू असो वा बंद, मीटर सारखाच दिसावा. मग तबल्यासोबत पुन्हा ऐकलं. तिसरा सूर आधीपेक्षाही मागे गेला होता!

मुलगा बावरला. "सर, हे तर उलटंच झालं. बारीक आवाज वर यायला हवा ना?"

येतो, पण एकटा वाजला तर. कॉम्प्रेसर काय करतो, तर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो. प्रमाण चारास एक असेल तर त्या पातळीच्या वर ८ डेसिबल गेलेला सूर २ डेसिबलच वर दिसतो. जुन्या काळी गाणाऱ्यानं आवाज चढवला की रेकॉर्डिस्ट फेडरवरचा हात खाली घ्यायचा, तेच काम आता आत बसलेलं सर्किट करतं. पण त्या सर्किटला सहा तारा वेगळ्या दिसत नाहीत. त्याला एकच आवाज दिसतो, सगळ्यांचा मिळून. अर्पेजिओत तारा एकमेकींवर वाजत राहतात. पहिल्या मात्रेला अंगठ्यानं जाड तार जोरात छेडली की सर्किट सगळ्यालाच दाबतं. जाड तार अजून घुमतेय, दाब अजून सुटलेला नाही, तोवर तिसरी मात्रा येते. पातळ तारेचा सूर त्या दाबातच जन्माला येतो.

हे सांगून पटत नाही, ऐकवावं लागतं. त्याला म्हटलं, जाड तार सोड, वरच्या दोनच तारा वाजव. सूर लख्ख आला. आता त्यात अंगठा मिळव. सूर बुडाला. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या वेळी मी काही न सांगता अंगठ्याचा जोर निम्मा केला. सूर परत आला.

पुढचा तासभर मला तरी फार मोलाचा वाटतो. सस्टेन घड्याळाच्या दहाच्या काट्यापर्यंत उतरला. अटॅक सैल केला, म्हणजे तार छेडल्याचा पहिला टणत्कार दाबला जाण्याआधी निसटतो. 'ना' टोकदार असला तरी क्षणात विरतो. त्याच्याशी टकरा घेण्यात अर्थ नाही. तो विरल्यावर मागे गिटारचा सूर टिकून राहिला की तिथे कानाला सापडतो. टिकवण्यापुरतं काम पेडलचं, बाकी सगळं अंगठ्याचं.

घुमीचं तेवढं सांगायला हवं. सिंगल कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक, विजेची ५० हर्ट्‌झची घूं पकडतो, आणि सूर विरत आला की कॉम्प्रेसर दाब सोडतो, त्याबरोबर ती घूंही वर येते. मुलाला खुर्ची मॉनिटरपासून दूर घेऊन हळूहळू वळायला सांगितलं. एका कोनात घूं जवळजवळ नाहीशी झाली. शिवाय त्याच्या गिटारवर नेक आणि मिडल पिकअप एकत्र लावले की घूं एकमेकींना मारते. तो जोड मुखड्याच्या टोनलाही शोभला.

अंतऱ्यात मात्र वेगळाच प्रश्न. तिथे गिटार गायिकेच्या ओळीमागून एकेरी तारेवर सरकत जाते, हळू सुरू होते आणि समेवर येऊन ठाम होते. पेडल चालू ठेवून त्यानं ते वाजवलं तेव्हा ताई लगेच म्हणाल्या, "आता हा रडत नाहीये." बरोबर होतं. त्या ओळीतलं लहानमोठं हेच तर सगळं होतं, आणि ते पेडलनं सपाट केलं होतं. मुखड्याच्या शेवटच्या मात्रेवर पायानं पेडल बंद करायचं ठरलं. सीएस-थ्री १९८६पासून बाजारात आहे, त्यावर लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन असे चार नॉब आहेत. पण माझ्या मते त्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग ते पायाखालचं बटण आहे. अनेक गिटारवादक एकदा लावलेला कॉम्प्रेसर पूर्ण गाणं चालू ठेवतात आणि मग गाणं एकसुरी का वाटतं म्हणून ईक्यूचे, म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायचे, नॉब फिरवत बसतात.

उठता उठता मुलानं विचारलं, "आवाजाला खरखर देणारं ओव्हरड्राइव्ह पेडल असेल तर कॉम्प्रेसर त्याच्या आधी लावू की नंतर?" त्याला दोन्ही ऐकवलं. आधी लावला तर ड्राइव्हला सारख्या जोराचे सूर मिळतात आणि खरखर एकसारखी राहते. नंतर लावला तर ड्राइव्हनं आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो, मधल्या जागांतली सळसळ तेवढी वर येते. त्यानं आधीचं निवडलं.

मुखड्यासाठी पेडलचा ट्रॅक ठेवला. अंतऱ्याला त्याच टेकमधला डीआयचा कोरा सिग्नल अँपमधून पुन्हा वाजवून घेतला, कारण पेडल बंद करताना त्याचा एक सूर कापला गेला होता.