जावईबापूंचा कूलर

रामटेकचा गड, खिंडसी तलावाचा काठ आणि परतताना मौदा तालुक्यात बायकोच्या मामांकडे जेवण, असा बेत होता. 2019 चा जुलै. नागपूरला पाणी देणाऱ्या, पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचा जिवंत साठा संपला होता, नागपुरात नळ एक दिवसाआड झाले होते. घरी बसून ड्रम मोजण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं, एवढाच विचार. गडावर माकडांनी मुलीच्या हातातला प्रसाद पळवला. खिंडसीला ऊन इतकं की गाडीतून उतरलोच नाही. रामटेक संपलं.

अरोलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मात्र बायको गप्प झाली. तिच्या आठवणीत या दिवसांत इथं रोवणीवाल्या बायांची रांग आणि चिखलाचा वास असतो. धानाच्या बांध्यांना हात जाईल एवढ्या भेगा होत्या. पेंचची नहर, म्हणजे कालवा, कोरडी, तिच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती. मला हसू आलं. बायकोला नाही आलं.

मामीजींनी आल्या आल्या अंगणात पाण्याची बादली ठेवली. जावयाचे पाय धुवायचे. मी मोकळ्या मनानं गुडघ्यापर्यंत धुतले, तोंडावर सपासप पाणी मारलं, दोन चुळा भरल्या. वळून पाहतो तर मामीजी माझ्या पायांखालून वाहणाऱ्या पाण्याला खुरप्यानं वाट करून देत होत्या, वांग्याच्या चार झाडांकडे. बादलीत उरलेलं पाणी त्यांनी झाकून ठेवलं. मग मला बादलीचा तळ दिसलेला आठवला.

जेवण झकास होतं, आग्रह मात्र छळ होता. नको म्हटलं की वाढतात, हो म्हटलं की दुप्पट वाढतात. हात धुताना मी बेतानं दोनच घोट पाणी घेतलं, ते मामाजींनी पाहिलं असावं. खाटेवर बसता बसता म्हणाले, "जावईबापू, तुमच्या कूलरले दिवसाचं किती पाणी लागते जी?"

चेष्टा असेल म्हणून मी ऐटीत सांगितलं, "सहा-सात बादल्या. यंदा पाऊस नाही ना, अजून उतरवलाच नाही."

"म्हणजे शंभरक लिटर." ते थोडा वेळ मनाशी मोजत राहिले. "चाला, तुमाले पऱ्हे दाखवतो."

विहिरीशेजारी खाटेच्या चौपट असेल एवढं हिरवं-पिवळं चौकोन होतं. पंचवीस दिवसांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं. आता रोवायला हवेत, पण बांधीत चिखलच नाही. मोटर दहा मिनिटं चालली की विहीर हवा फेकते, म्हणून मामीजी सकाळी तांब्यानं शिंपडतात. तांब्यानं. धान.

मी उगाच शहाणपणा केला. म्हटलं, "मामाजी, पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, सरकारचं धोरणच आहे तसं."

"पिण्याचं पहिलं, कोन नाही म्हनते? आमीबी मानसंच आहो. पेत जा ना. पन तुमचा कूलर पेते का जी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मामाजी रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. मग ते मध्य प्रदेशाकडे वळले. 1964 चा करार त्यांना तोंडपाठ: पेंचचं 30 टीएमसी आपलं, 35 टीएमसी त्यांचं. वर चौराईचं धरण झालं आणि तोतलाडोहात येणारं पाणी आटलं. "वरच्यानं त्याच्या वाट्याचं अडवलं. खाली राह्यलं ते शहराले. आमी टेलवाले, नहरीच्या शेवटचे, आमच्यापर्यंत चांगल्या सालीबी पानी धापा टाकत येते."

परतीच्या वाटेवर मी चिडलेलो होतो, कुणावर ते कळत नव्हतं. मी नळाचं बिल भरतो. कालवा मी बंद केला नाही. पण पेंचवरच्या नवेगाव खैरी धरणातून गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला आलेलं पाणी एकदा शहराच्या नळात शिरलं की त्या सगळ्यालाच पिण्याचं पाणी म्हणतात. मग त्यात आमच्या सोसायटीच्या गाड्या धुतल्या जातात, लॉन भिजतं, कूलर भरतो. भांडेवाडीला आमच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि त्यातलं बरंच पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं पेंचचं पाणी वाचतं. हे वाचून मी एकदा चारचौघांत अभिमानानं बोललो होतो. मामाजींसमोर काढायचं धाडस झालं नाही. त्याच विजेवर माझा कूलर चालतो.

सप्टेंबरात तोतलाडोहचे दरवाजे उघडले. शहरानं सुटकेचा श्वास घेतला. सप्टेंबरात धान कुणी रोवत नाही. मामाजींची त्या वर्षी अर्धी बांधी पडीक राहिली, असं नंतर बायकोकडून कळलं.

एक गोष्ट राहिली. निघताना मामीजींनी डिक्कीत तांदळाची चुंगडी ठेवली आणि शेजारी वीस लिटरचा एक कॅन. विहिरीच्या पाण्याचा. "उद्या तुमच्या इथं नळ नाही ना, लेकराले पुरन," म्हणाल्या. बायकोनं नको नको म्हणून पाहिलं. सासरच्या माणसांपुढे कुणाचं चालतं?

तो कॅन तीन दिवस ओट्याखाली होता. प्यायला आमच्याकडे फिल्टरचं पाणी असतं. चौथ्या दिवशी रात्री उकाडा असह्य झाला, नळ कोरडा होता, आणि मी तो कूलरमध्ये ओतला.