सराव पाठाचे साठ तास

गेल्या महिन्यात आमच्या संगीत विभागातल्या एका विद्यार्थिनीचा सराव पाठ पाहण्यासाठी मी जवळच्याच एका शाळेत गेलो होतो. सहावीचा वर्ग, पन्नासच्या वर मुले, टेबलावर भाता फुसका झालेली पेटी, आणि तानपुऱ्याच्या जागी मोबाइलवरचे ॲप. विद्यार्थिनी विशारद झालेली, आवाज उत्तम, पाठ टाचणही नेटके. भूप रागातले छोटे प्रार्थनागीत तिने स्वतःच्या पट्टीत, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून, काळी पाचमध्ये, सुरू केले. बहुतेक मुले तिच्या मागून गेली; शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र सर्वांच्या खाली, पांढरी चारवर, एकच सूर धरून बसला होता. दोन-तीनदा त्याच्याकडे पाहून ती शेवटी म्हणाली, "तू नुसते ओठ हलव." मुलाने ऐकले. गीत छान झाले आणि वर्गशिक्षिकेने टाळ्या वाजवल्या.

निरीक्षणाच्या वहीत मी एकच प्रश्न लिहिला: तो मुलगा बेसूर होता का? तिने विचार केला आणि स्वतःच म्हणाली की नव्हता, कारण त्याचा सूर चुकीच्या जागी असला तरी जराही हलत नव्हता. पुढच्या पाठात तिने त्याला नुसता 'आ' म्हणायला लावला, पेटीवर त्याचा सूर शोधला, त्यालाच षड्ज, म्हणजे 'सा', मानून सगळा वर्ग खाली आणला आणि सा-रे-सा एवढेच म्हणवून घेतले. मग पट्टी एकेक पायरी वर. चौथ्या पाठापर्यंत तो काळी चारवर आला होता. संगीतशिक्षकाचे प्रशिक्षण मी याला म्हणतो. गाणे शिकणे ही त्याची पूर्वतयारी आहे. दुसऱ्याच्या चुकलेल्या सुरात काय शाबूत आहे, हे ऐकू येणे ही वेगळी विद्या आहे आणि ती कोणीतरी शेजारी बसून शिकवल्याशिवाय येत नाही.

हे शेजारी बसणे आता महाग ठरते. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) सत्रात तीस तास, म्हणजे दोन श्रेयांकांच्या सराव पाठांना साठ. वर्गात वीस विद्यार्थी असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन तास येतात, आणि त्यातच टाचणावरची चर्चा, प्रत्यक्ष पाठ व नंतरचे बोलणे बसवायचे. तुकडी लहान करा म्हटले की शिक्षकाचा कार्यभार भरत नाही. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला शाळेपर्यंतच्या प्रवासाचे पैसेही मिळत नाहीत. अभ्यासक्रमाच्या बैठकीत तर थेट विचारले गेले, "याला बाजार काय?" त्याच बैठकीत ध्वनिमुद्रण आणि संगीत निर्मितीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुचवला गेला. तो जरूर असावा. मुलांना त्यातून कामे मिळतात आणि मला त्याचा आकस नाही. माझा आक्षेप एवढाच की, त्यासाठीचे तास सराव पाठांतून कापण्याचे ठरत होते.

शिवाय ज्याला आपण बाजार म्हणतो, त्यातले बरेचसे सरकारी कागदावरच ठरलेले असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तर, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पूर्णवेळ नव्हे, अंशकालीन; आणि 'कला' या एका शब्दात गाणे, नाच, चित्र असे सगळेच आले. पूर्णवेळ पदच नसेल, तर त्या पदासाठी तयार होणाऱ्यांना मागणी कुठून येणार? आणि मागणी नाही म्हणून प्रशिक्षण आखडते. उलट जिथे मागणी खरोखर आहे, तिथे ती वेगळ्याच शिक्षकाची आहे: दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालक विचारतात की मुलाची मध्यमा परीक्षा कधी होईल. मुलाला गाता कधी येईल, हा प्रश्न वर्षाकाठी एखाददुसराच विचारतो.

पूर्वी सगळे पवित्र होते, असे म्हणण्याची मात्र सोय नाही. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या बळावर. त्यांनी तिकीट लावून जलसे केले, पुस्तके छापली. मुंबईची इमारत कर्ज काढून उभारली आणि ती पुढे कर्जापायीच लिलावात गेली. बाजार त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होता आणि त्याचा फटकाही त्यांनाच जास्त बसला. पण जलशांत मिळवलेला पैसा त्यांनी ज्यावर ओतला, त्यात उपदेशक वर्ग होता: गाणे शिकवणारे तयार करण्याचा वर्ग, ज्यातल्या मुलांच्या राहण्याजेवणाचा भार संस्थेवर असे. विष्णुबुवांच्या शिष्यांपैकी विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि बी. आर. देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्व शिकले. त्या वर्गाचा हिशेब त्याच वर्षीच्या ताळेबंदात मांडला असता, तर तो निव्वळ तोट्याचाच निघाला असता.

सध्या माझ्यापुढे नव्या अभ्यासक्रमाचा तक्ता आहे. 'अध्ययन निष्पत्ती'च्या रकान्यात मी लिहिले होते: "विद्यार्थी वर्गातील वेगळ्या सुरात गाणाऱ्या मुलाचा सूर ओळखेल आणि तेथून पाठाची सुरुवात करेल." तक्ता लाल शेरा घेऊन परत आला: "निष्पत्ती मोजता येईल अशी लिहावी, तसेच रोजगाराशी संबंध दाखवावा." मी वाक्याच्या शेवटी "किमान एका मुलाच्या बाबतीत" एवढे जोडले आहे. रोजगाराचा रकाना कोराच आहे आणि तक्ता सोमवारी द्यायचा आहे.