कॉम्प्रेशन लावलं आणि प्रोग्रॅम झोपला : माझा अनुभव

समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा दर तासाचा डेटा होता, पाव अंशाचा ग्रिड म्हणजे ७२१ गुणिले १४४० बिंदू, प्रत्येक आकडा ४ बाइटचा फ्लोट, वर्षाचे ८७६० तास. म्हणजे एका वर्षाचे ३६ जीबी, आणि अशी बरीच वर्षं. डिस्क भरत आली तेव्हा आधी सोपा मार्ग धरला, अख्ख्या फाइली जीझिप करून (दाबून लहान करून) टाकल्या. मग एका तासाचा नकाशा बघायचा तरी पूर्ण फाइल उलगडा, बघा, परत पुसा. लवकरच वैतागलो.

एचडीएफ५ या आकड्यांचे मोठे तक्ते (डेटासेट) साठवायच्या फाइल प्रकारात कॉम्प्रेशनची, म्हणजे डेटा दाबून ठेवायची, सोय आतच असते. डेटासेट बनवताना चंकिंग (डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे, म्हणजे चंक, पाडणं) आणि डिफ्लेट (जीझिपचीच दाबायची पद्धत) चालू करायचं, वाचणाऱ्या कोडची एक ओळही बदलावी लागत नाही, लायब्ररी गुपचूप उलगडून देते. (चंक न पाडता सलग साठवलेल्या डेटासेटवर डिफ्लेटसारखे फिल्टर बसत नाहीत, तो नवीन लिहावाच लागतो.) मी हौसेने डिफ्लेटची सगळ्यात वरची लेव्हल ९ लावली. रात्रभर लिहीत बसलं आणि फाइल लेव्हल ४ पेक्षा नावालाच लहान झाली. खरा फरक पडला शफल नावाच्या फिल्टरने. तो स्वतः काही दाबत नाही, फक्त सगळ्या आकड्यांचे पहिले बाइट एकत्र, दुसरे एकत्र असे लावतो, आणि शेजारशेजारच्या तापमानांचे वरचे बाइट जवळपास सारखेच असतात, त्यामुळे डिफ्लेटला आयतंच मिळतं.

खूश झालो, आणि मग एका बिंदूची वर्षभराची मालिका काढायला गेलो. प्रोग्रॅम अडकलाच! चूक माझीच, एका तासाचा पूर्ण नकाशा म्हणजे एक चंक असं ठेवलं होतं. चंक उलगडायचा तर पूर्णच उलगडावा लागतो, म्हणजे ३५ केबीच्या मालिकेसाठी ३६ जीबी उलगडणं चालू होतं. वर आमच्या व्हर्जनमध्ये चंक कॅश (उलगडलेले चंक तात्पुरते ठेवायची मेमरीतली जागा) डीफॉल्टने १ एमबीची आणि माझा चंक ४ एमबीचा, तो कॅशमध्ये मावणारच नाही, त्यामुळे नकाशा एकेक ओळ करून वाचणारं जे जुनं लूप होतं ते तोच चंक ७२१ वेळा उलगडत होतं. कोड बदलायला नको हे खरंच, पण वेळेचं काय ते कोणी बोलत नाही.

मग कागद घेऊन बसलो. ७२१ हा चमत्कारिक आकडा, पण तो ७ गुणिले १०३ आहे हे लक्षात आलं, म्हणून चंक ठेवला २४ तास, १०३ ओळी, ९६ स्तंभ, जेमतेम १ एमबीच्या आत. आता नकाशाला १०५ चंक लागतात, म्हणजे साधारण १०० एमबी, आणि मालिकेला ३६५ चंक, साधारण ३५० एमबी. दोन्हीपैकी एकही झकास नाही, पण दोन्ही चालतात.

मधे वेगासाठी डिफ्लेटऐवजी झेडस्टँडर्ड ही दाबायची दुसरी पद्धतही लावून पाहिली. माझ्याकडे मस्त चालली, सहकाऱ्याकडे फाइल उघडली, डेटासेटची नावंही दिसली पण आकडे वाचताना एरर, कारण त्याच्याकडे झेडस्टँडर्ड उलगडणारा प्लगिन (वेगळा बसवायचा जोड-प्रोग्रॅम) नव्हताच. मुकाट डिफ्लेटवर परत आलो.

जुन्या फाइली पुसण्याआधी एकेक आकडा ताडून पाहिला तर लाखो ठिकाणी फरक! पोटात गोळाच आला. नंतर कळलं, ते सगळे जमिनीवरचे बिंदू, तिथे नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) भरलेला, आणि नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. तुलना दुरुस्त केली, फरक शून्य आला, मग पुसल्या.