घोड्याला दाणा नाही, तर लाकडाला चाकं लावा

मी राहतो त्या मॅनहाइमची गावाकडच्यांना ओळख सांगायची तर एवढं पुरे, की सायकलीचा खापरपणजोबा इथला. कार्ल ड्राइस हा सरकारी वनाधिकारी. १२ जून १८१७ ला त्यानं स्वतः बनवलेल्या दोनचाकी यंत्रावर बसून शहराबाहेरच्या घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत फेरी मारली. जाऊन-येऊन १३-१४ किलोमीटर, तेही तासाच्या आत. इथल्या टेक्नोसेउम संग्रहालयात तसं यंत्र जवळून पाहिलं. पायडल नाही, साखळी नाही. लाकडी चाकांना आपल्या बैलगाडीसारखी लोखंडी धाव, बसायला गादी, पुढं वळवायचा दांडा. बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागं रेटत सुटायचं.

हे सुचलं कसं, याबद्दल काही इतिहासकारांचं म्हणणं मला फार पटतं. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं बुडाली, ओट महागला. माणसांच्याच पोटाचे वांधे, तिथं घोड्याला दाणा कुठून घालणार? मग घोड्याशिवाय चालणारं काहीतरी हवं. हे सिद्ध झालेलं नाही, पण वऱ्हाडातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

कारण आमच्याकडं सायकल-डवरा आहे. डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार, एरवी बैल ओढतात ते. बैलजोडी लाखाच्या वर गेली, कडबा-कुटार मिळेना, तेव्हा गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी भंगारातल्या सायकली कापायला घेतल्या. माझ्या चुलतभावाकडं आहे तो असा: जुन्या सायकलीचं एक चाक, त्याच्या मागं लोखंडी पट्ट्यांची चौकट, चौकटीला डवऱ्याची पास, म्हणजे माती कापणारं पातं, आणि वर सायकलीचंच हँडल. हँडल छातीजवळ धरून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन तासांमधून (ओळींमधून) ढकलत न्यायचा. पास किती खोल लागावी, हे हँडल उचलण्या-दाबण्यावर. वापसा असला तर एकटा माणूस झपाझप तास काढतो. ओल जास्त असली की काळी माती चाकाला थापते, आणि मग दर दहा पावलांवर काडीनं चिखल खरवडत बसा. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. बैलाचं काम माणसानं करायचं, त्यात कौतुक करण्यासारखं किती आणि नाइलाज किती, हे ज्यानं ढकललं त्यानंच सांगावं. सोशल मीडियावर ‘शेतकऱ्याचा भन्नाट जुगाड’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एकदा एकरभर ढकलून पाहावा.

ड्राइसचंही फार कौतुक झालं नाही. रस्ते खडबडीत, म्हणून लोक यंत्र घेऊन पादचाऱ्यांच्या वाटेवर चढले, आणि शहरांनी बंदी घातली. ती पार कलकत्त्यापर्यंत पोचली होती म्हणतात.

त्याच्याही आधीचा एक माणूस मला जास्त भावतो. स्टेफान फार्फलर, न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावचा घड्याळजी. पायानं अधू. १६५५ च्या सुमारास त्यानं स्वतःसाठी तीनचाकी गाडी केली. हातानं दांडा फिरवायचा, दातेरी चाकांतून जोर पुढच्या चाकाला जायचा. दात्यांचं गणित घड्याळजीला काय अवघड! आमच्या आठवडी बाजारात हातानं पायडल फिरवत येणाऱ्या तीनचाकी सायकली आहेत, त्यांची जात हीच. त्यांना साखळी आली, रबरी टायर आले, बाकी बेत तोच. बाजाराच्या गर्दीत त्यांना वाट देताना लोक कुरकुरतात, ती कुरकुरही बहुधा तेवढीच जुनी असावी.

पुढं लोकांनी या नादात काय काय केलं! १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच गड्यानं आडवं पडून चालवायच्या सायकलीवर तासात ४५ किलोमीटर कापून आधीचा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी सायकल संघटनेनं तसली सायकलच नियमाबाहेर काढली. १२ जून १९७९ ला ब्रायन ॲलननं पायडल मारत विमान उडवलं आणि २ तास ४९ मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडली. तारीख बघा, ड्राइसचीच.

मला मात्र गोडी रुळांवरच्या गाडीची. रुळावर माणसाच्या जोरानं चालणाऱ्या गाडीला इथं ड्राइसच्या नावावरूनच ‘ड्रायझीन’ म्हणतात. आपल्याकडं रेल्वेची ट्रॉली असते ना, साहेब छत्रीखाली, लाल झेंडी लावलेली, आणि मागं दोघं रुळावरून पळत ढकलतायत, मग वेग आला की उडी मारून बसतायत, तिचीच ही चुलत बहीण. आल्टनग्लान ते श्टाउडर्नहाइम हा बंद पडलेला ४० किलोमीटरचा रेल्वेमार्ग इथं त्यासाठीच ठेवलाय. लोक पैसे भरून ड्रायझीन घेतात आणि दिवसभर पायडल मारतात. मार्ग एकेरी, म्हणून त्या दिवशी सगळे एकाच दिशेनं. मित्रांबरोबर मीही गेलो. दोघं पायडलवर, बाकीचे मधल्या बाकावर डबा उघडून.

आणि आमची शकुंतला रेल्वे? यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज बंद आहे, ब्रॉडगेजची वाट बघणं चालू आहे. तोवर दारव्ह्याच्या बाजूला थोड्या रुळावर असं काही सुरू करायला काय हरकत आहे? हे मी चुलतभावाला फोनवर म्हटलं.

‘‘म्हंजे गाडी बंद केली, अन् आता पायानं चालवा म्हंता?’’

‘‘अरे, मजेसाठी. तिकीट काढून.’’

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणे, ‘‘पण उनाळ्यात नोको ठेवजो बावा. दिवाळीनंतर ठेव, कापूस येचून झाल्यावर.’’