पान उलटलं आणि जटायू आला

तारकर्ली झालं, वेंगुर्ला झालं, आंबोलीही झाली. चार दिवस छान गेले, पण लिहायला बसले ती पिंगुळीसाठी. तिथे आम्ही जेमतेम पाऊण तास होतो.

कुडाळपासून पिंगुळी अगदी जवळ. तिथे परशुराम गंगावणे यांचं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ आहे. २००६ साली त्यांनी घरचा गुरांचा गोठा रिकामा करून त्यात हे संग्रहालय मांडलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या इमारतीची अपेक्षा ठेवून येणाऱ्याला हे एक घर वाटेल, आणि ते घरच आहे. चपला काढून आत गेलो. दाखवणाऱ्या तरुणाने सतरंजी अंथरली आणि म्हणाला, “बसा, दाखवतंय.”

भिंतीवर कळसूत्री बाहुल्या. चामड्याच्या बाहुल्यांना बारीक भोकं पाडलेली, मागे दिवा आला की पडद्यावर दागिने चमकावेत म्हणून. एक सावली त्याने आम्हाला पाडूनही दाखवली. पण मी अडकले ती चित्रकथीपाशी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगण्याच्या कलेपाशी.

चित्रकथीचं एक चित्र मी पूर्वी शहरातल्या एका संग्रहालयात पाहिलं होतं. काचेमागे, भिंतीला टेकवलेलं. मोठाले डोळे, एका बाजूला वळलेले चेहरे. सुंदर चित्र, असं म्हणून पुढे गेले होते. इथे त्या मुलाने पोथी सोडली. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे, सुट्या चित्रांचा गठ्ठा. त्यातलं एक त्याने समोर उभं धरलं: दारात गोसाव्याच्या वेषातला रावण, आत सीता. तो गाऊ लागला, मध्येच बोलू लागला, पुन्हा गाऊ लागला. सीतेने रेषा ओलांडली आणि त्याच क्षणी त्याने चित्र उलटं फिरवलं. मागे जटायू होता, पंख पसरलेला.

दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे त्या काचेमागच्या चित्राच्या पाठीवरही कथेतला पुढचा प्रसंग असणार, आणि तो कितीतरी वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा असणार. मला खरंच वाईट वाटलं. ही चित्रं बघायची नाहीतच, ऐकायची आहेत. वीणा, हुडुक (हातात धरायचं लहान चर्मवाद्य) आणि टाळ यांच्या साथीने, देवळात, रात्री. सावंतवाडीच्या संस्थानाने या कलेला आश्रय दिला, ठाकर मंडळींना देवळांत खेळ करण्याचे मान मिळाले. पुढे राजाश्रय गेला, करमणुकीची साधनं बदलली. पोथी जीर्ण झाली की पाण्यात सोडायची रीत, त्यामुळे जुन्या पोथ्या तशाही कमीच उरतात. अशा वेळी एका माणसाने गोठ्यातली जागा बाहुल्यांना दिली आणि घरातल्या पुढच्या पिढीला गायला शिकवलं. नुसत्या वस्तू जपल्या असत्या, तर तो मुलगा आज कुठल्या ओळीला पान उलटायचं हे जाणत नसता.

जटायू पडायच्या आत आमच्या चालकाने बाहेर हॉर्न दिला. मालवणची होडी चुकेल म्हणे. बरोबरचे उठले आणि मीही उठले. समोर माणूस गात असताना उठून जाणं मला आजही बोचतंय. तो मात्र थांबला नाही. आम्ही चपला घालेपर्यंत आतून आवाज येतच होता, सतरंजीवर राहिलेल्या माझ्या भाचीसाठी. ती आठ वर्षांची. तिला आणायला मला पुन्हा आत जावं लागलं, आणि तेवढ्यात शेवटच्या चार ओळी मलाही मिळाल्या.

निघताना एक चित्र विकत घेतलं, गणपतीचं. गाडीत बसल्याबरोबर भाचीने ते उलटून पाहिलं. मागे कोरा कागद होता.

“मावशी, याची गोष्ट कुठेय?” तिने विचारलं.